उतरायला कोणी सांगितलं

"कॅन आय कम इन, सर?"

मी केबिनच्या दारात उभी. हातात परमिटची तीन जाड पुस्तकं. आत साहेब, स्टोअरचे दोघे आणि ऑफिसातल्या दोन मॅडम. साहेबांनी मान वर केली. हसले.

"कॅन? पाय आहेत ना तुला? मग यू कॅन. प्रश्न तो नाहीये. प्रश्न आहे, यू मे की नाही."

मला कळलं नाही. माझा एक पाय आत पडलेला, एक बाहेर.

"पाय मागे घे आधी. परत विचार. नीट."

मी पाय मागे घेतला. "सर, प्लीज अलाऊ मी."

"अलाऊ? सोसायटीच्या गेटवर लिहितात बघ, डॉग्ज नॉट अलाऊड. तू कुत्रं आहेस का?"

सगळे हसले. एक मॅडम तोंडावर हात ठेवून हसली. माझ्या हातात परमिटची पुस्तकं होती म्हणून मला तोच शब्द सुचला. "परमिट मी, सर."

मग तर स्टोअरवाला टेबलावर हात मारून हसला. साहेब म्हणाले, "अरे वा. राजदरबारात आली बाई. शाळा कुठली?"

"विठ्ठलवाडीची, सर. म्युन्सिपालिटीची. मराठी मिडियम."

"आडनाव काय म्हणालीस?"

सांगितलं.

"हं," साहेब म्हणाले.

त्या 'हं'मध्ये काय असतं ते ज्याला कळायचं त्याला कळतं. मला लहानपणापासून कळतं.

"मे आय कम इन, सर. म्हण."

मी म्हटलं.

"नो. मीटिंग चालू आहे. बाहेर थांब."

मी बाहेर थांबले. किती वेळ ते माहीत नाही. पुस्तकांची पुठ्ठ्याची कव्हरं घामाने मऊ पडली. आतून मधूनमधून हसू येत होतं. ते माझ्यावर नसेलही. पण मला वाटायचं, माझ्यावरच.

नोकरीला लागून मला तेव्हा आठवडा झालेला.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतली केमिकलची कंपनी. मी दिव्याला राहते. सकाळी पाण्याचे ड्रम भरले की निघायचं, कारण आमच्याकडे पाणी आलं तर सकाळीच येतं, नाहीतर येत नाही. कंपनीत मी पर्मनंट नव्हते. ठेकेदाराने लावलेली. गेटजवळच्या सेफ्टीच्या खोलीत एक टेबल, तिथे बसून परमिट भरायची. म्हणजे असं, की कंपनीत धोक्याचं काम करायचं तर आधी कागद लागतो. वेल्डिंगला वेगळा, उंचावर चढायला वेगळा, बंद टाकीत उतरायला वेगळा. कोण काम करणार, किती वाजता, हवा तपासली का, दोर आहे का, सगळं त्यात लिहायचं. खाली तीन रकाने. प्रिपेअर्ड बाय, परमिटेड बाय, ऑथराइज्ड बाय. पहिल्यात माझी सही. बाकी दोन साहेब लोकांचे.

टाकीत उतरणारी माणसं बाहेरची. ठेक्यावरची. ती कोण असतात हे कळायला जात विचारावी लागत नाही. बाकी कंपनीत सगळ्या प्रकारची माणसं होती. टाकीत उतरणारी सगळी आमच्यातली.

माझा बाप गटारात उतरायचा. म्युन्सिपालिटीचा नव्हे, म्युन्सिपालिटीच्या ठेकेदाराचा. तो गटारात मेला नाही, घरी खोकून मेला. म्हणून त्याची कुठे नोंद नाही. आई डोंबिवली ईस्टला धुणंभांडी करायची. चौथीत असताना तिने मला एका बिल्डिंगमध्ये नेलेलं. लिफ्टवर पाटी होती. आई म्हणाली, "तू शाळेत जातेस ना, वाच." मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मेड्स नॉट अलाऊड. आईने विचारलं, "म्हणजे?" मी म्हटलं, "बंद आहे." आम्ही सहा मजले चढून गेलो. खोटं बोलले ते आईला वाईट वाटू नये म्हणून. तिला माहीतच होतं, हे मला खूप नंतर कळलं.

दाराबाहेर उभी राहिले त्या दिवशी मी ठरवलं, हे शब्द शिकायचे. सूड वगैरे काही नाही. नुसती भीती. परत असं उभं राहायला लागू नये म्हणून. चुकून फुकट गेलेल्या परमिटच्या पाठीवर मी लिहायला लागले. मोबाईलवर बघायचं, चार वाक्यं वाचायची, मग आपल्या भाषेत उतरवायचं.

लेट म्हणजे अडवू नकोस. बस. घरातला शब्द. पोरीला जाऊ दे, गायीला चरू दे. कोण म्हणालं, कधी म्हणालं, त्याचा पत्ता नाही.

अलाऊ म्हणजे वरच्याने खालच्याला. नियम असेल, नाहीतर त्याची मर्जी.

परमिट म्हणजे कागदावरचं. तारीख, वेळ, सही. उद्या कोणी विचारलं तर सापडतं.

ऑथराइज याच्यावर मी बरेच दिवस अडकलेले. मग कळलं. ज्याच्याकडे अधिकार आहे तोच तो दुसऱ्याला देऊ शकतो. माझ्याकडे नव्हता. म्हणून तो रकाना माझा नव्हता.

मराठीत आपण सगळ्याला परवानगीच म्हणतो. मला वाटलेलं, इंग्रजांनी उगाच चार शब्द केले. उगाच नव्हते केले.

ती दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. दुसऱ्या दिवशी कंपनीत कोणी बाहेरचे लोक बघायला येणार होते. सांडपाण्याची मागची टाकी गाळाने भरलेली, ती साफ करायची होती. नामदेव मामा आणि सुरेशभाऊ आलेले. मामा पन्नाशीचे. मला ताई म्हणायचे, मी त्यांना मामा. रोज माझ्या टेबलाजवळ येऊन पाण्याची बाटली भरून न्यायचे. म्हणायचे, "ताई, आपल्यातली पोरगी टेबलावर बसलेली बघितली की बरं वाटतं."

हवा तपासायचा मीटर दुरुस्तीला गेलेला. मीटर नाही म्हणजे टाकीचं परमिट बनत नाही. मी साहेबांना शोधत टाकीपाशी गेले. साहेब फोनवर होते.

"सर, मीटर नाहीये. टाकीचं परमिट बनत नाही."

त्यांनी फोन कानाचा काढला नाही. "लेट देम."

"सर, पण परमिट…"

"परमिट नंतर बनव. आय सेड, लेट देम. उद्या लोक येतायत. आणि यांना काय होतंय? यांना सवय असते."

हे ते मामांच्या समोर बोलले. मामा दोन हात अंतरावर उभे होते. साहेब फोनवर बोलत निघून गेले.

मामा माझ्याकडे वळले. "उतरू का ताई?"

मी सगळं इथे खरं लिहिते. नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. मला माहीत होतं. परमिट मीच भरायचे, धोका काय असतो ते रोज माझ्या हाताने लिहायचे. टाकीच्या झाकणातून सडक्या अंड्यांचा वास येत होता, म्हणजे आत विषारी गॅस. मला शब्दांतला फरकही माहीत होता, कागदाच्या पाठीवर लिहून ठेवलेला. पण मला ते दार आठवलं. ते हसू. आठवड्याभरात कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं, ते आठवलं.

मी म्हटलं, "उतरा."

मामांनी कमरेला दोर बांधला. तो त्यांचा त्यांनी बांधला, मी सांगितलं नाही. शिडीने खाली गेले. सुरेशभाऊ वर दोर धरून. पहिली बादली वर आली. दुसरी आली. तिसरी आलीच नाही.

"मामा," सुरेशभाऊने हाक मारली. "ओ मामा."

काही नाही.

सुरेशभाऊ शिडीवर पाय ठेवायला लागला. मी त्याचा शर्ट मागून धरला. का, कसं, माहीत नाही. "उतरू नका! ओढा, ओढा फक्त!" मी ओरडत होते. तो आणि मी दोर ओढत होतो. गेटवरचे दोघे वॉचमन धावत आले. मामा वर आले तेव्हा ओठ निळे. तोंडाला फेस. डोळे अर्धे उघडे आणि त्यात कोणी नाही.

मला वाटलं, गेले. माझ्या एका शब्दाने गेले.

गेले नव्हते. कल्याणच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत श्वास चालू होता. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. मी कुठल्या देवाला काय म्हणाले ते आठवत नाही.

मामी आल्या तेव्हा नर्सने एक कागद पुढे केला. "पेशंटच्या घरचे कोण? कन्सेंटवर सही करा. घशातून नळी घालायचीय." मामी घाबरल्या. मला म्हणाल्या, "बाय, हे काय? आम्ही काय परवानगी देणारे? डॉक्टरला जे करायचं ते करू दे की."

मी म्हटलं, "मामी, हे तसलं नाही. त्यांच्या अंगाला हात लावायच्या आधी तुम्हाला विचारतायत. तुम्ही हो म्हणाल तर करणार."

मामींनी कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, "कंपनीत विचारलेलं का असं?"

मी त्यांच्या हातात पेन दिलं. मामींनी सही केली. वाकडी, पण पुरी. पूर्ण नाव.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ठेकेदारही होता. या वेळी मला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी घाबरले.

समोर टाकीचं परमिट ठेवलेलं. भरलेलं. तारीख त्या दिवसाची, वेळ दुपारची. हवा तपासली, ओके. दोर, ओके. परमिटेड बायच्या रकान्यात माझं नाव टाईप केलेलं. पुढे सहीची जागा मोकळी. खाली एक टाईप केलेलं पत्र. द एन्ट्री वॉज परमिटेड बाय द अंडरसाइन्ड. अंडरसाइन्ड म्हणजे खाली सही करणारी, म्हणजे मी.

"सही कर," साहेब म्हणाले. "फॉर्मॅलिटी आहे. तुला पर्मनंट करायचं मी बोललोय वर."

ठेकेदार म्हणाला, "ताई, माणूस जिवंत आहे. कशाला लफडं? कर आणि मोकळी हो."

"सर," मी म्हटलं. "परमिट नव्हतं दिलं. तुम्ही लेट देम म्हणालात."

"बरं मग? लेट काय, अलाऊ काय, परमिट काय. एकच ते. परवानगी."

दाराबाहेर उभं करून ज्या माणसाने मला कॅन आणि मेमधला फरक शिकवला, तोच माणूस मला सांगत होता की शब्द सगळे सारखेच असतात. मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत नव्हते. घाबरलेले होते. साहेब लोक घाबरतात हे मी पहिल्यांदा बघितलं. आणि मला अजून जास्त भीती वाटली. घाबरलेला साहेब काय करेल, सांगता येत नाही.

"उद्या करते," मी म्हटलं आणि उठले.

"उद्या सकाळी," साहेब म्हणाले. "आणि हे बघ, टाकीवर 'उतरा' कोण म्हणालं? मी की तू? दोन माणसं ऐकणारी आहेत."

हे खरं होतं.

घरी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "कर सही. आपल्याला कोण आहे? तुझा बाप पण कधी बोलला नाही." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "बोलला असता तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही." एवढंच. भाकरी उलटली.

एका अनोळखी नंबरवरून फोन येत होता. मी उचलला नाही. परत आला. परत नाही उचलला. मग मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. आतून थरथरल्याचा आवाज येत राहिला.

सकाळी कंपनीत जायच्या आधी मी हॉस्पिटलात गेले. मामांची नळी काढलेली. आवाज घोगरा, शब्द सुटे सुटे. त्यांना त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. शिडीवर पाय ठेवलेला आठवतो, म्हणाले, मग एकदम ही खाट.

"काल कंपनीचा माणूस आलेला," मामा म्हणाले. "म्हणाला, तुम्हाला ताईने पाठवलं आत. मी म्हटलं, मग बरोबरच असेल. ताई आपली आहे. ती वाईट कशाला सांगेल?"

मला वाटलं, त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी खाटेच्या कडेला बसले. मामांचा हात धरला. नखांत अजून काळा गाळ होता. म्हटलं, "मामा, साहेब म्हणाले, जाऊ दे त्यांना. मला माहीत होतं, मीटर नाही, परमिट नाही. मी अडवायला पाहिजे होतं. नाही अडवलं. तुम्ही विचारलंत, उतरू का. मी उतरा म्हणाले. मी घाबरले होते."

मामींनी मामांच्या पाठीखालची उशी सरळ केली. मग मामा म्हणाले, "हे तिकडे सांगशील का? असंच?"

"सांगेन."

"तुझं पण नाव येईल."

"येऊ दे."

मामांनी हात सोडवला नाही. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. मी अपेक्षा पण केली नव्हती.

केबिनमध्ये पत्र तसंच ठेवलेलं. मी पर्समधून माझं पेन काढलं. त्यांच्या पत्रावर सही केली नाही. सोबत नेलेल्या कोऱ्या कागदावर इंग्रजीत लिहिलं. अक्षरं पोराने काढल्यासारखी आली. चार वाक्यं. परमिट दिलेलं नव्हतं. ते द्यायला मी ऑथराइज्ड नव्हते. साहेबांनी मला लेट देम सांगितलं. मी लेट केलं, आणि ती माझी चूक आहे. खाली तेच मराठीत. खाली सही. तारीख त्या दिवसाची, खरी. साहेब फोनवर होते तेवढ्यात मोबाईलने फोटो काढून सुरेशभाऊला पाठवला, मग कागद पुढे केला.

साहेबांनी वाचलं. चेहरा लाल झाला. "स्वतःला कोण समजतेस तू? दोन शब्द इंग्रजी आलं म्हणजे…" वाक्य पुरं केलं नाही. कागद चुरगळला.

"सर, याचा फोटो मी काढलाय," मी म्हटलं. "सुरेशभाऊकडे पण आहे."

मी धाडसाने बोलले नाही. बोलून झाल्यावर बाथरूममध्ये गेले आणि उलटी केली.

दुसऱ्या दिवशी माझं कार्ड गेटवर चाललं नाही. दोर ओढायला धावलेला तोच वॉचमन. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, तुमचं बंद झालंय." टेबलाच्या खणात माझा डबा आणि ती लिहिलेली पानं होती. डबा मिळाला. पानं नाही मिळाली.

मग ठाणे. कारखान्यांचं सरकारी ऑफिस, तिथे आम्ही तक्रार केलेली. मी, मामी आणि सुरेशभाऊ. सुरेशभाऊ येईल असं मला वाटलं नव्हतं. त्याचं काम अजून त्याच ठेकेदाराकडे. बाकावर आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. कंपनीचा वकील आमच्या समोरून तीनदा गेला, तिन्ही वेळा दार न ठोठावता आत.

आतल्या अधिकारी बाई होत्या. चष्म्यातून कागद बघत होत्या. "कंपनी म्हणते, तुम्ही परवानगी दिलीत."

"कुठली परवानगी, मॅडम?"

त्यांनी वर बघितलं. "म्हणजे?"

मी सांगितलं. लेट काय असतं, परमिट काय असतं, रकाना कुणाचा, सही कुणाची. पाणी मागावं लागलं. बाईंनी मध्येच थांबवलं, म्हणाल्या, "हळू. लिहून घेते." आणि त्यांनी लिहून घेतलं. माझी चूक पण लिहून घेतली. मी ती दोनदा सांगितली.

निकाल लागलेला नाही. तारखा पडतायत. साहेब त्याच केबिनमध्ये आहेत. मामा जिना चढले की बसतात, अजून कामाला जात नाहीत. मी एका दुकानात बिलं बनवते. कुठल्याही अनोळखी नंबरचा फोन आला की अजून मी उचलत नाही. भीती गेली असं कोणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतो.

परवा दुपारी सुरेशभाऊचा फोन आला. एमआयडीसीतल्याच दुसऱ्या एका कंपनीतून. हळू बोलत होता.

"ताई, टाकी आहे. आम्ही तिघं आहोत. मीटर नाही म्हणतात. उतरा म्हणतायत. काय करू?"

मी म्हटलं, "उतरू नका. कागद मागा. मी येतेय."

दुकानाच्या मालकाला सांगून बाहेर पडले. त्या कंपनीत मला कोणी ओळखत नाही. तिथे माझं टेबल नाही, खुर्ची नाही, कुठल्याच कागदावर माझा रकाना नाही. गेटवर अडवतील, हाकलतील, पोलीस बोलावतील. शेअर रिक्षात बसले तेव्हा परमिटचे रकाने तोंडातल्या तोंडात म्हणत होते, शेजारची बाई बघत होती.

बघू दे. मी त्या टाकीच्या झाकणावर जाऊन बसणार. माझ्यासमोर एकाही माणसाला खाली उतरू देणार नाही.